एआय पाणी पितं म्हणजे नक्की काय? चिपपासून सळईपर्यंत, तापलेल्या वस्तू निववायची गोष्ट

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने एक फॉरवर्ड टाकला. एआयला एक प्रश्न विचारला की अर्धा लिटर पाणी संपतं, म्हणून उगाच फालतू प्रश्न विचारू नका, आणि त्याखाली हात जोडलेले तीन इमोजी. लगेच मला टॅग करून विचारलंन, "अरे तू इंजिनीअर ना, कॉम्प्युटर पाणी कसा पितो रे?" मी लिहिलं, "अगं आत्या पीत नाही, त्याला घाम येतो." त्यावर ती म्हणाली, "मग घाम का येतो ते नीट सांग, तुझ्या भाषेत नको, माझ्या भाषेत." तिला फोनवर अर्धा तास जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडलाय असं दिसतंय. मी स्वतः काही वर्षं भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये काढलीत, म्हणजे लोखंड तापवायचं आणि निववायचं हाच धंदा, त्यामुळे लोखंडाचा विषय मध्ये घुसणार, तेवढं सांभाळून घ्या.

## "थंड करणं" असं काही नसतंच

पहिली गोष्ट, थंडावा नावाची वस्तू कुठे तयार होत नाही. असते ती फक्त उष्णता, आणि ती गरमकडून गारकडे जाते, बस. फ्रीज भाजी थंड करतो म्हणजे भाजीतली उष्णता काढून मागच्या जाळीतून तुमच्या स्वयंपाकघरात सोडतो. एसी खोलीतली उष्णता उचलून गल्लीत ओततो, म्हणून आउटडोअर युनिटसमोरून जाताना तोंडावर भपकारा येतो. त्यामुळे पुढे कुठलंही कूलिंगचं यंत्र बघितलंत तर एकच प्रश्न विचारायचा, उष्णता गेली कुठे? याचं उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला सोडायचं नाही.

आता चिप. मिक्सर वीज खातो आणि चटणी वाटतो, लिफ्ट वीज खाते आणि माणसं वर नेते, पण चिप काही उचलत नाही की वाटत नाही, त्यामुळे ती जेवढी वीज खाते तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एआयसाठी जी प्रसिद्ध झाली ती एनव्हिडियाची एच१०० चिप, तिचं मोठं मॉडेल ७०० वॅट खातं. ७०० वॅट म्हणजे फार नाही वाटणार, घरातली इस्त्री याहून जास्त खाते. पण ती सिलिकॉनची चकती आहे ८१४ चौरस मिलिमीटरची, म्हणजे धड ३ सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटर पण नाही. घरची इंडक्शन शेगडी २००० वॅटला लावली तर ती उष्णता साधारण २० सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरते, दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम साडेसहा वॅट. चिपच्या पॅकेजमध्ये शेजारची मेमरी पण थोडी वीज खाते, ती वजा धरली तरी चिपवरची उष्णता ढोबळ मानाने शेगडीच्या दसपट दाट. आणि शेगडीवर आपल्याला तवा तापवायचाच असतो, इथे उलट, दसपट तापणाऱ्या शेगडीला शंभर अंशाच्या आत ठेवायचंय. सगळी मारामारी इथे आहे.

तापली तर काय बिघडतं? दोन-तीन गोष्टी होतात. चिपमधले बारीक स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर गरम झाले की त्यांतून वीज जास्त झिरपते, झिरपलेल्या विजेची परत उष्णता होते, ती परत झिरप वाढवते, असं ते चक्र. दुसरं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरसारख्या भागांचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून चिप स्वतःच सावध असते, गरम व्हायला लागली की वेग कमी करते. उन्हात गाडीवर मॅप लावलेला फोन अचानक अडखळायला लागतो ना, तो बिघडलेला नसतो, जीव वाचवत असतो.

## दादरचा पूल आणि तो एक अरुंद जिना

उष्णतेला चिपमधून हवेपर्यंत जायचंय. वाट अशी, चिप, मग तिच्यावरचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं हीट सिंक म्हणजे पातळ पात्यांचा ठोकळा, मग पंख्याची हवा. गर्दीच्या वेळचं दादर डोळ्यासमोर आणा, प्लॅटफॉर्म रुंद आहे, वरचा पूल पण रुंद आहे, पण मधला जिना एकच आणि चिंचोळा, तर पूल कितीही रुंद करा गर्दी जिन्याशीच तुंबणार. चिप आणि तांबं यांच्यामध्ये असाच एक जिना असतो, तो म्हणजे हवेचा थर. दोन्ही पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण बारीक बघितलं तर डोंगरदऱ्या, आणि एकावर एक ठेवले की शिखरांना शिखरं टेकतात, बाकी मध्ये हवा. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा १५ हजार पट सहज वाहते, यावरून हवा किती अडमुठी आहे ते कळेल (स्वेटर आणि गोधडी याच अडमुठेपणावर चालतात).

या फटी भरायला जो राखाडी मलम लावतात त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. ती तांब्याएवढी काही भारी नसते, पण हवेपेक्षा शंभर पटींहून चांगली, आणि तेवढं पुरतं. माझा जुना लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायला लागला होता, एका दुकानात दाखवला तर मदरबोर्ड गेला म्हणून मोठा आकडा सांगितला, घरी आणून उघडला तर पेस्ट वाळून खडू झालेली आणि पंख्यात धुळीची गादी. ब्रशने धूळ काढली, पेस्टची छोटी ट्यूब आणली, लॅपटॉप अजून चालतोय. सगळ्यांचं असंच असेल असं नाही, पण मदरबोर्डच्या आधी धूळ बघा एवढंच.

मग पाती कशाला? त्याचं उत्तर आत्यालाच माहीत होतं, फक्त तिला माहीत नव्हतं की तिला माहीत आहे. चहा बशीत ओतून पितो कारण पसरला की हवेला जास्त लागतो. मसालेभाताचा भात परातीत मोकळा करतो, तेच. जुन्या स्कूटरचं इंजिन कव्हर काढून बघा, सिलिंडरवर पात्यांच्या चळती आणि फ्लायव्हीलवर बसवलेला पंखा, बुलेटला तर पंखा पण नाही, समोरचा वारा पुरे. ठोकळा तोच ठेवून त्याची बशी करायची, एवढीच त्यातली अक्कल, पण ती शंभर वर्षं पुरली.

## बंद नळीत उकळणारं पाणी

आता जरा गंमतीचा भाग. लॅपटॉप उघडलात तर चिपवरून कडेच्या पंख्याकडे एक चपटी तांब्याची पट्टी जाताना दिसेल. बहुतेकांना वाटतं तांब्याची भरीव पट्टी आहे. नाही, ती पोकळ नळी आहे, आत चमचाभरही नाही इतकं पाणी, आणि नळी दोन्हीकडून सीलबंद. तिला हीट पाइप म्हणतात.

हे चालतं कसं ते समजायला वरणाच्या पातेल्यावरचं झाकण आठवा. खाली पाणी उकळतं, वाफ वर जाते, झाकणाला लागून निवते, थेंब होऊन परत खाली पडते. त्या वाफेने शेगडीची उष्णता उचलून झाकणाला नेऊन दिली, आणि ती उष्णता थोडीथोडकी नसते. १ किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, पण तेच १ किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल. म्हणजे वाफ ही उष्णतेची भरलेली मालगाडी आहे. हीट पाइपमध्ये चिपकडच्या टोकाला पाणी उकळतं, वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे पंख्याच्या हवेने निवून पाणी होते, आणि परत येते कशी तर समईतलं तेल जसं वातीतून आपोआप वर चढतं तसं, कारण नळीच्या आतून बारीक जाळीचं किंवा तांब्याच्या भुकटीचं अस्तर असतं, तीच तिची वात. मोटर नाही, पंप नाही, फिरणारं काही नाही.

पण चिप तर शंभर अंशाच्या आत ठेवायचीय, मग पाणी उकळेल कसं, असं कुणी विचारलं तर शंका बरोबर आहे. नळीतली हवा आधी काढून टाकतात, त्यामुळे आत दाब नाममात्र आणि पाणी ३०-४० अंशालाही उकळतं. हिमालयात ट्रेकला गेलेल्यांना हे माहितीय, तिथे पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही. आपल्या प्रेशर कुकरची बरोबर उलटी बाजू.

याचं पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लरने १९४०च्या दशकातच घेतलं होतं पण कुणी ढुंकून बघितलं नाही. १९६३मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातल्या यंत्रांसाठी तेच नव्याने शोधलं आणि नाव पण दिलं, मग मात्र उपग्रहांपासून लॅपटॉपपर्यंत सगळीकडे गेलं. सगळ्यात भारी वापर मला वाटतो अलास्कातला. तिथली तेलाची पाइपलाइन कायम गोठलेल्या जमिनीवर खांबांवर उभी आहे, जमीन वितळली तर खांब खचणार, म्हणून त्या खांबांत अमोनिया भरलेल्या लाखाच्या वर अशाच नळ्या घातल्यात ज्या हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर हवेत फेकून देतात. १९७७पासून, एक युनिट वीज न खाता. आपल्याकडच्या महागड्या फोनमध्ये हल्ली "व्हेपर चेंबर" म्हणून जाहिरात करतात ना, ती हीच नळी, फक्त लाटून पोळीसारखी पसरवलेली.

## तीच वाफ दगा देते तेव्हा

वाफ एवढी कामाची, मग सगळीकडे वापरावी? तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघा. तवा बेताचा तापला असेल तर चर्रर्र होऊन पाणी लगेच उडतं, पण तवा खूप तापलेला असला की थेंब न उडता मोत्यासारखे नाचत फिरतात. जास्त गरम तव्यावर पाणी जास्त वेळ टिकतं! कारण थेंबाखाली क्षणात वाफेची गादी तयार होते आणि थेंब त्या गादीवर तरंगतो, तव्याला टेकतच नाही. लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६मध्ये हे लिहून ठेवलं म्हणून त्याचं नाव पडलं, आपल्या आज्यांना डोसा कधी टाकायचा ते यावरूनच कळायचं.

हीट ट्रीटमेंटमध्ये हा थेंब म्हणजे रोजची डोकेदुखी. लोहार विळा लाल करून पाण्यात बुडवतो त्याला आपण "पाणी पाजणं" म्हणतो, पाणी नीट पाजलं तरच धार टिकते. झटकन निवलं तर पोलाद कडक होतं, हळू निवलं तर मऊ राहतं. पण लालभडक जॉब, म्हणजे कामाला आलेला लोखंडी भाग, पाण्याच्या टाकीत टाकला की पहिले काही क्षण त्याभोवती वाफेची गोधडी लपेटते आणि तो निवतच नाही, मग गोधडी एका बाजूने फाटते, ती बाजू एकदम निवते, दुसरी गरमच, आणि जॉब वाकडा होतो नाहीतर तडकतो. नवीन पोरांना वाटायचं टाकीत सोडला की झालं काम. आमचे जुने उस्ताद जॉब टाकीत सोडून थांबायचे नाहीत, वर-खाली हलवत राहायचे, गोधडी फाडायला. आवाजावरून त्यांना कळायचं की आता धरलं पाणी.

हीच गोष्ट कारखान्याच्या मापात बघायची असेल तर जालन्याला जा, सळईच्या रोलिंग मिलचं गाव. घर बांधताना सगळे "टीएमटी" मागतात, दुकानदार पण टीएमटी म्हणतो, पण टीएमटी म्हणजे मुळात एक निववायची पद्धत आहे हे फार कुणी सांगत नाही. रोलमधून सळई बाहेर येते तेव्हा ९५० अंशांच्या वर तापलेली असते, ती तशीच धावत एका पाइपातून जाते जिथे जोराच्या दाबाने पाणी मारतात, इतक्या जोरात की वाफेची गोधडी टिकूच नये. सेकंद-दीड सेकंदाचा खेळ. सळईची साल झटक्यात निवून कडक होते पण गाभा अजून लालच, मग बाहेर आल्यावर आतली उष्णता बाहेर येऊन सालीला परत ६०० अंशांच्या आसपास तापवते, त्याने सालीचा ठिसूळपणा जातो, आणि मग अख्खी सळई बेडवर निवांत गार होते. बाहेर कडक, आत चिवट, म्हणून ओढ पण सोसते आणि वाकवली तरी तुटत नाही, भूकंपात हेच लागतं. सळई कापून, घासून, ॲसिडने पुसली तर कडेचं काळपट वर्तुळ स्पष्ट दिसतं. महागडा धातू न घालता, नुसतं पाणी कधी आणि किती मारायचं एवढ्या अकलेवर ताकद वाढवली, ही पद्धत १९७०च्या दशकात बेल्जियममध्ये पक्की झाली आणि आज आपल्या स्लॅबमध्ये आहे.

त्याच मिलच्या आधीचा टप्पा तर अजून भन्नाट. १५०० अंशांचं वितळलेलं पोलाद तांब्याच्या साच्यात ओततात, आणि तांबं वितळतं १०८५ला! साचा वितळत कसा नाही? कागदाच्या कपात पाणी भरून मेणबत्तीवर धरलं की पाणी उकळतं पण कागद जळत नाही, शाळेत केला असेल प्रयोग, तसंच. साच्याच्या पाठीमागून पाणी इतक्या वेगाने धावतं की तांब्याला स्वतः तापायला उसंतच मिळत नाही, आलेली उष्णता लगेच पुढे. पंप बंद पडला की मात्र पळायचं.

## कॉम्प्युटरमध्ये पाणी? शॉक नाही बसत?

आता परत कॉम्प्युटरकडे, म्हणजे एआय चालवणारे हजारो कॉम्प्युटर जिथे एकत्र ठेवतात त्या इमारतीकडे, तिला डेटा सेंटर म्हणतात. एकेका कपाटात, म्हणजे रॅकमध्ये, आधी ५-१० किलोवॅटची यंत्रं असायची. एनव्हिडियाचं जे ७२ चिपांचं कपाट आहे ते एकटं साधारण १२० किलोवॅट खातं. हवेने हे निववायचं म्हटलं आणि हवा १० अंशांनीच तापू द्यायची ठरवली तर दर सेकंदाला १० हजार लिटर हवा लागेल, म्हणजे दर सेकंदाला एक पाण्याच्या टँकरएवढी हवा एका कपाटातून ढकलायची! तेच काम पाण्याने केलं तर सेकंदाला ३ लिटर, दोन-तीन तांबे. इथे हवा हरली, आणि यात मतभेदाला जागा नाही, साधा गुणाकार आहे.

म्हणून चिपच्या डोक्यावर हीट सिंकऐवजी तांब्याची बंद डबी बसवतात, तिच्या आत केसासारख्या बारीक खाचा आणि खाचांतून पाणी. पाणी चिपला कधीच टेकत नाही, गाडीच्या रेडिएटरमधला कूलंट जसा इंजिनातल्या पेट्रोलला भेटत नाही तसं. बारीक खाचा कशाला, तर पुन्हा बशी, तेवढ्याच जागेत पाण्याला लागणारा पृष्ठभाग वाढवायचा. स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीज या दोघांनी १९८१मध्ये सिलिकॉनमध्येच अशा खाचा कोरून एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट काढून दाखवले होते, तेव्हा एवढी तापणारी चिपच अस्तित्वात नव्हती. उत्तर आधी आलं आणि प्रश्न चाळीस वर्षांनी. आपल्याकडे पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ला सीडॅक या सरकारी संस्थेचा परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटर बसला, तो पण असाच थेट चिपवर द्रव खेळवून निववतात, त्यामुळे हे काही परदेशी कौतुक राहिलेलं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अख्खं यंत्रच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवायचं, गुलाबजाम पाकात बुडवतो तसं. १९८५चा क्रे-२ सुपरकॉम्प्युटर असाच फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता. मोठं लोभस दिसायचं पण या जातीतली बरीचशी रसायनं निसर्गात विघटितच होत नाहीत, आणि ती बनवणाऱ्या ३एम कंपनीने २०२५अखेर हे उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. हल्ली बुडवणारे बरेच जण तेलाकडे वळलेत. दुरुस्तीला यंत्र तेलातून काढायचं, निथळायचं, तो सगळा चिकचिकाट बघता मला वाटतं हे ठरावीक ठिकाणीच टिकेल.

समुद्रात का नाही टाकत, हे पण खूप जण विचारतात. टाकून झालं. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८५५ सर्व्हर भरलेली एक टाकी समुद्रतळाशी ठेवली आणि २०२०मध्ये वर काढली. बिघाड जमिनीवरच्यापेक्षा आठपट कमी निघाले, आत हवेऐवजी नायट्रोजन भरला होता आणि हात लावायला कुणी माणूस नव्हता त्याचा फायदा झाला. पण चिपा काही वर्षांनी बदलायच्या असतात, त्यासाठी दरवेळी क्रेन घेऊन समुद्रात कोण जाणार, पुढे तो नाद सोडला.

फोन फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका ठेवू. बाहेर काढल्यावर गार बाटलीला जसं पाणी सुटतं तसं फोनच्या आत सुटतं. कव्हर काढा आणि पंख्याखाली ठेवा, पुरे.

## मग पाणी संपतं कुठे?

आत्याचा मूळ प्रश्न हाच होता. चिपवरून फिरणारं पाणी संपत नाही, ते गोल गोल फिरतं. पण त्याने उचललेली उष्णता कुठे टाकायची ("उष्णता गेली कुठे?" आठवा) तर इमारतीच्या गच्चीवर कूलिंग टॉवर असतो, तिथे वेगळं पाणी कारंज्यासारखं उडवतात, त्यातलं थोडं वाफ होऊन जातं आणि जाताना उरलेल्याला गार करून जातं. हा सरळसरळ माठ आहे. माठ पाझरतो म्हणून पाणी गार, न पाझरणारा चकचकीत माठ काय कामाचा. हे हवेत उडालेलं पाणी म्हणजे आत्याच्या फॉरवर्डमधलं "प्यायलेलं" पाणी.

हिशोब आपणच करू. १ मेगावॅट उष्णता सगळीच्या सगळी बाष्पीभवनाने घालवायची म्हटली तर तासाला साधारण १५०० लिटर पाणी उडतं, दिवसाला ३६ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर. वर टॉवरमध्ये क्षार साचतात म्हणून थोडं पाणी फेकून नवीन घ्यावं लागतं ते वेगळं. मोठी डेटा सेंटर अशा कित्येक मेगावॅटची असतात, आणि ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा त्यांनी भरत चाललाय, देशात सगळ्यात जास्त डेटा सेंटर मुंबई परिसरातच आहेत. त्यात आपली दमट हवा, नागपूरला वाळ्याचा कूलर जेवढा गार वारा देतो तेवढा मुंबईत देत नाही कारण हवा आधीच भिजलेली, तसंच टॉवरचं.

मग एका प्रश्नाला अर्धा लिटर खरं का? नाही. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये जो अंदाज मांडला तो अर्ध्या लिटरमागे १० ते ५० उत्तरांचा होता, जागा आणि हवामानाप्रमाणे बदलणारा, आणि तोही जुन्या जीपीटी-३ मॉडेलसाठी. फॉरवर्ड होता होता ते "एका प्रश्नाला" झालं. उलट गुगलने २०२५मध्ये सांगितलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या मधल्या आकाराच्या प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर लागतं, पाचेक थेंब. एवढी तफावत का, तर मॉडेल आणि चिपा सुधारल्या हे खरंच आहे, पण दुसरं म्हणजे गुगलने फक्त स्वतःच्या इमारतीतलं पाणी मोजलं आणि विद्यापीठाने वीज बनवताना लागणारं पाणीही धरलं. हे दुसरं पाणी आपल्याकडे विसरून चालत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे ते प्रचंड कमरेत बारीक टॉवर, त्यातून निघतं तो धूर नसतो, इरई धरणाचं पाणी असतं वाफ झालेलं. आणि २०१३च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं ते कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून.

## एसी लावा ना मग, पाणीच नको

लावता येतो. पाणी न उडवता मोठाले चिलर लावायचे, म्हणजे एसीचा थोरला भाऊ. पण मग वीज वाढते. डेटा सेंटरवाले एक आकडा मोजतात त्याला पीयूई म्हणतात, अख्ख्या इमारतीने खाल्लेली वीज भागिले फक्त कॉम्प्युटरांनी खाल्लेली वीज. जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे, म्हणजे कॉम्प्युटरला १०० युनिट तर वरखर्चाला ५०-५५, त्यातला मोठा हिस्सा कूलिंगचा. आणि ती जादाची वीज औष्णिक असेल तर पाणी गच्चीवर वाचलं आणि चंद्रपूरला उडालं. सुऱ्याने कापा नाहीतर विळीने.

एक सुटका मात्र दिसतेय आणि ती ऐकायला उलटी वाटते, गार पाण्याऐवजी गरम पाणी वापरायचं. चिप ७०-८० अंशाला असेल तर ४५ अंशाचं पाणी तिच्या दृष्टीने गारच. मुद्दा पाणी किती गार हा नसतोच, चिप आणि पाणी यातला फरक किती हा असतो, आणि बारीक खाचांची डबी चांगली असली तर थोड्या फरकातही काम भागतं. मग ते पाणी तापून ५०-५५ होऊन गच्चीवर येतं, आणि बाहेरची हवा ३५ची असेल तर नुसत्या पंख्यावर निवतं, ना वाफ ना चिलर. म्युनिकजवळ गार्चिंगला २०१२पासून एक सुपरकॉम्प्युटर असाच चालला आणि त्याच्या गरम पाण्यावर हिवाळ्यात ऑफिसं ऊबदार ठेवली. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी जानेवारी २०२६मध्ये सांगितलं की त्यांची पुढची रुबिन यंत्रणा ४५ अंशाच्या पाण्यावर चालेल, चिलर लागणार नाही, तर त्या दिवशी चिलरवाल्या कंपन्यांचे शेअर घसरले.

आपल्याकडे चालेल का? नवी मुंबईत वर्षातले बरेचसे दिवस चालायला हवं. चंद्रपूरला मे महिन्यातल्या दुपारी हवाच ४५च्या वर असते तेव्हा ४५चं पाणी निववणार कुणाला दाखवून, त्या तासांपुरतं पाणी उडवावंच लागेल किंवा चिलर चालवावा लागेल. आणि टॉवरला पिण्याचंच पाणी हवं असं कुठे आहे, नवी मुंबई महापालिकेने सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत साफ करून एमआयडीसीतल्या कारखान्यांना द्यायची सोय केलेलीच आहे. माझं मत विचाराल तर आपल्या भागात डेटा सेंटरला परवानगी देताना दोनच गोष्टी लेखी घ्याव्यात, पाणी कुठलं वापरणार आणि मे महिन्यात किती उडवणार. वर्षाची सरासरी नको, मे महिन्याचा आकडा.

हे सगळं आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ऐरोलीला रोज पंचेचाळीस-पन्नास अंशाचं पाणी तयार होणार आणि ते गच्चीवर नेऊन पंख्याखाली गार करणार?" मी म्हटलं हो. "आणि मी इथे डोंबिवलीत आंघोळीला गीझर लावणार?" मी म्हटलं आत्या, एवढ्या लांब पाइप टाकला तर पाणी पोचेपर्यंत निवेल. ती म्हणाली, "पाइपला गोधडी गुंडाळा. हवा अडमुठी असते म्हणालास ना मघाशी."